दोष सुनेचा नव्हे : गर्भारपणातील मधुमेह आणि देहात धुमसणारा दाह

गर्भवती स्त्रीच्या रक्तात साखर वाढल्याचा अहवाल घरात येतो, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा तिलाच विचारला जातो : ‘‘गोड फार खाण्यात आले का?’’ दुसरा प्रश्न सहसा उघडपणे विचारला जात नाही, पण मनात असतो : ‘‘हे तिच्या माहेरून तर आले नसेल?’’ त्यानंतर अहवाल चार भिंतींच्या आत ठेवण्याची खटपट सुरू होते. धाकट्या नणंदेचे लग्न ठरायचे असते, नातलगांत बोभाटा नको असतो. इन्सुलिनचे नाव निघाले की ‘‘एवढ्यात सुई नको’’ असा सल्ला चहूबाजूंनी मिळतो. पुढे बाळंतपण सुखरूप पार पडते, साखर उतरते आणि तो अहवाल कपाटातील जुन्या कागदांत कायमचा जाऊन पडतो.

दोष देणे, लपवणे आणि विसरणे या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. हा विकार नेमका कोठे आणि कसा उद्भवतो, याची घरातील थोरामोठ्यांना पुरेशी कल्पना नसते. गेल्या सुमारे तीस वर्षांत शास्त्रज्ञांनी या विकाराच्या मुळाशी बरेच खोदकाम केले आहे. त्यातून दिसणारे चित्र ‘गोड खाल्ले म्हणून साखर वाढली’ एवढे सोपे नाही. या महिन्याच्या सदरात ते चित्र समजून घेऊ या. कारण ते समजले की घरातील पुष्कळ प्रश्नांची उत्तरे आपोआप बदलतात.

वार : देणारी आणि मागणारी

गर्भारपणात आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी होत जातो. हे प्रत्येक स्त्रीच्या बाबतीत घडते आणि ते निसर्गाच्या योजनेनुसारच घडते. गर्भाला अखंड साखर हवी असते. आईच्या स्नायूंनी जेवणानंतरची सर्व साखर झटपट उचलून घेतली, तर गर्भाच्या वाट्याला कमी येईल. म्हणून वार, म्हणजे गर्भाला आईशी जोडणारा तो तात्पुरता अवयव, काही संप्रेरके आईच्या रक्तात सोडते. त्यांच्यामुळे आईच्या स्नायूंवरील इन्सुलिनची हुकमत सैल पडते. अखेरच्या तिमाहीपर्यंत इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद जवळजवळ निम्म्यावर येतो. ही तूट भरून काढण्यासाठी आईचे स्वादुपिंड इन्सुलिनचे उत्पादन दुपटीहून अधिक वाढवते. ज्या स्त्रीचे स्वादुपिंड ही वाढीव मागणी पुरवू शकते, तिची साखर नियंत्रणात राहते. जिचे पुरवू शकत नाही, तिला गर्भारपणातील मधुमेह होतो.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर सणासुदीला मागणी दुप्पट झाली की पेढीची खरी क्षमता कळते. एरवी व्यवस्थित चालणारी पेढी त्या काळात अडखळली, तर दोष सणाचा नसतो. भांडवलाची मर्यादा आधीपासूनच असते, सण ती फक्त उघड करतो. गर्भारपण ही देहाची तशीच कसोटी आहे.

अमेरिकेतील बोस्टन येथील डॉ. जॉन ओसुलिव्हन आणि क्लेअर महान यांनी १९६४ साली या विकाराचे पहिले सर्वमान्य निकष मांडले. ते ठरवताना त्यांच्यापुढे मुख्य प्रश्न होता तो आईच्या भविष्याचा : आज गर्भवती असलेल्या कोणत्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा संभव आहे? म्हणजे या चाचणीच्या जन्मापासूनच ती पुढची सूचना देणारी चाचणी आहे. आपण मात्र तिच्याकडे केवळ नऊ महिन्यांची कटकट म्हणून पाहतो.

धुमसता दाह

मग काही स्त्रियांच्या बाबतीतच ही कसोटी इतकी अवघड का ठरते? या प्रश्नाच्या उत्तरात ‘दाह’ हा शब्द येतो.

दाह म्हणजे शरीराची संरक्षक प्रतिक्रिया. काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, तापते, दुखते. रक्तातील संरक्षक पेशी तेथे धावून जातात, निरोप पोहोचवणारी रसायने सोडतात, आणि काम झाले की शांत होतात. हा दाह उपकारक आहे. दाहाचा दुसरा प्रकार मात्र कोठे दिसत नाही, दुखत नाही, आणि विझतही नाही. राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे तो वर्षानुवर्षे धुमसत राहतो. त्याचे एक मोठे ठिकाण म्हणजे पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी.

१९९३ साली गोखान होतामिशलीगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने बोस्टनमध्ये एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. लठ्ठ उंदरांच्या मेदपेशींत ‘टीएनएफ-अल्फा’ नावाचे दाहकारक रसायन मोठ्या प्रमाणावर तयार होत होते, आणि ते निष्प्रभ केले की इन्सुलिनचा प्रभाव सुधारत होता. तोपर्यंत चरबी म्हणजे केवळ साठवणीचे कोठार, असा समज होता. या शोधाने दाखवले की हे कोठार गप्प बसत नाही. ते सतत रक्तात निरोप सोडत असते.

हा निरोप इन्सुलिनच्या आड कसा येतो? इन्सुलिन स्नायूच्या पेशीपाशी येऊन तिच्या पृष्ठभागावरील ग्राहीला स्पर्श करते. ग्राहीच्या मागे पेशीच्या आत एक निरोप्या प्रथिन उभे असते. ते हा निरोप पुढे पोहोचवते, आणि मग साखर आत घेणारे दरवाजे पेशीच्या पृष्ठभागावर येऊन उघडतात. टीएनएफ-अल्फासारखी दाहकारक रसायने या निरोप्या प्रथिनावर भलत्याच जागी रासायनिक खूण करतात. परिणामी निरोप अर्ध्या वाटेत अडतो. मालाची गाडी दाराशी उभी, हमालही हजर, पण गोदामाच्या आत आवाजच पोहोचत नाही, अशी स्थिती होते. साखर रक्तातच तुंबते.

गर्भारपणात या गोष्टीचा कितपत संबंध आहे, हे २००२ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील संशोधकांनी तपासले. जॉन किरवान, पॅट्रिक कॅटॅलानो, सिल्वी ओगेल द मूझोन आदींच्या या गटाने स्त्रियांचा गर्भधारणेपूर्वीपासून अखेरच्या तिमाहीपर्यंत मागोवा घेतला. इन्सुलिनचा प्रभाव कोणाच्या बाबतीत किती घटला, याचे सर्वांत चांगले अनुमान वारेच्या नेहमीच्या संप्रेरकांपेक्षा टीएनएफ-अल्फाच्या वाढीवरून करता येत होते. हे रसायन स्वतः वारही तयार करते, आणि त्यातील बहुतांश गर्भाकडे न जाता आईच्या रक्तात येते, हेही त्यांना आढळले. अभ्यास लहान होता, अवघ्या पंधरा स्त्रियांचा. नंतरच्या सर्व अभ्यासांत टीएनएफ-अल्फाचे आकडे सारखे आलेले नाहीत. तरीही संशोधनाची दिशा त्याने बदलली.

वहीची उघडलेली पाने

त्याच गटाने २००३ साली पुढचे पाऊल टाकले. प्रसूतीनंतर बाहेर पडणारी वार त्यांनी तपासली आणि प्रश्न विचारला : मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांच्या वारेतील जनुके सारखीच काम करतात का?

येथे जनुकांची अभिव्यक्ती म्हणजे काय, हे पाहायला हवे. आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे वीस हजार जनुके असतात, आणि ती सर्व पेशींत तीच असतात. तरीही यकृताची पेशी यकृताचे काम करते आणि डोळ्याची पेशी डोळ्याचे. जुन्या पेढीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या कपाटात असतात. पण रोजचा व्यवहार चालतो तो त्या दिवशी उघडलेल्या पानांवर. कोणते जनुक उघडायचे, कोणते मिटलेले ठेवायचे आणि उघडले तर किती जोमाने वापरायचे, याला जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. जनुके वारशाने येतात. त्यांची अभिव्यक्ती मात्र परिस्थितीनुसार बदलते.

क्लीव्हलंडच्या संशोधकांनी वीस हजारांहून अधिक जनुकीय क्रमांची एकाच वेळी तपासणी केली. मधुमेह असलेल्या मातांच्या वारेत ४३५ ठिकाणी अभिव्यक्ती बदललेली आढळली. आणि या बदलांतील सर्वांत मोठा गट ताण व दाह यांच्याशी निगडित जनुकांचा होता. म्हणजे वह्या त्याच होत्या, पण उघडलेली पाने वेगळी होती.

ही पाने उघडतो कोण? दाहाच्या बाबतीत त्याचा एक प्रमुख सूत्रधार ‘एनएफ-कप्पा-बी’ नावाचे प्रथिन आहे. रंजन सेन आणि नोबेल विजेते डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ साली ते प्रथम ओळखले. एरवी हे प्रथिन पेशीत जखडून ठेवलेले असते. धोक्याचा इशारा मिळाला की त्याची साखळी सुटते, ते पेशीच्या केंद्रकात शिरते आणि दाहाची अनेक जनुके एकदम जागी करते. त्या जनुकांपासून पुन्हा टीएनएफ-अल्फासारखी रसायने बनतात. ती रसायने शेजारच्या पेशींत हेच प्रथिन मोकळे करतात. असे हे चक्र आपलेच इंधन आपण पुरवीत राहते. रक्तात वाढलेली साखर आणि चरबी हीदेखील या चक्राला खतपाणी घालतात. म्हणूनच वारेतील दाह हे कारण की परिणाम, याचे उत्तर बहुधा ‘दोन्ही’ असे द्यावे लागते.

वारसा यात नाही असे नव्हे. २०१२ साली कोरियातील गर्भवती स्त्रियांच्या संपूर्ण जनुकसंचाची पाहणी झाली, तेव्हा दोन जनुकांजवळील भेद या विकाराशी जोडलेले आढळले. त्यांपैकी एक इन्सुलिनच्या उत्पादनाशी संबंधित आहे. दुसरे झोप-जागेची लय सांभाळणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाच्या ग्राहीचे आहे. परंतु असे भेद लोकसंख्येत सर्रास आढळतात आणि त्यांपैकी प्रत्येकाचा वाटा लहान असतो. ‘माहेरचा रोग’ असा शिक्का मारण्याजोगे त्यांत काहीही नाही. शिवाय गर्भाची निम्मी जनुके पित्याकडून आलेली असतात, आणि वार ही आईची नसून गर्भाच्याच पेशींपासून बनते. वारेतील जनुकांत सासरचा वाटाही निम्मा आहे, हे सासरच्यांनी ध्यानात ठेवावे.

पुण्याजवळची सहा गावे

आता आपल्याकडे वळू. हा विकार लठ्ठ स्त्रियांचा, अशी समजूत आहे. मग आपल्याकडील सडपातळ मुलींना तो का होतो? याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथे जन्मलेल्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सर्व बाबतींत लहान होती; स्नायू कमी, पोटातील अवयव लहान. त्या मानाने त्वचेखालची चरबी मात्र टिकून होती. वजनाला हलके, पण चरबीच्या प्रमाणात भारी, असे हे ‘कृश-मेदयुक्त’ भारतीय बाळ पुढे जगभर चर्चेचा विषय झाले.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. याज्ञिकांचे त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासमवेतचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन देहांच्या आतील हिशेब इतका भिन्न असू शकतो. म्हणूनच ‘‘आमची सून तर काडीसारखी आहे, तिला कसली साखर?’’ हे विधान भारतीय घरात फसवे ठरते. डॉ. व्ही. शेषय्या यांच्या गटाने तमिळनाडूत केलेल्या पाहणीत चेन्नई शहरातील १७.८ टक्के, निमशहरी भागातील १३.८ टक्के आणि ग्रामीण भागातील ९.९ टक्के गर्भवतींना हा विकार आढळला होता.

पुण्याच्या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष शाकाहारी कुटुंबांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. त्या गावांतील सुमारे दोनतृतीयांश गर्भवतींत बी-१२ या जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी होते. ज्या मातांचे बी-१२ कमी आणि फोलेट अधिक, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सर्वांत कमी आढळला. म्हैसूर येथील अभ्यासातही ४३ टक्के गर्भवतींत बी-१२ कमी होते आणि त्या स्त्रियांत गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक होते. यावरून एकच गोष्ट दुसरीचे कारण आहे असे सिद्ध होत नाही. पण या दोहोंमधील दुवा मात्र शास्त्राला सुसंगत वाटतो. जनुकांवर ‘हे पान मिटलेले ठेवा’ अशी जी रासायनिक खूण केली जाते, तिचा कच्चा माल तयार करण्यासाठी शरीराला बी-१२ आणि फोलेट दोन्ही लागतात. शाई अपुरी असेल तर खुणा नीट उमटत नाहीत.

अशा खुणा किती काळ टिकतात? १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये युद्धामुळे भीषण उपासमार झाली होती. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावरील खुणा सुमारे साठ वर्षांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या आढळल्या. गर्भातील दिवसांची नोंद देह इतक्या दीर्घ काळ सांभाळतो.

मग घराने करावे काय?

आतापर्यंतच्या विवेचनाचा मथितार्थ असा : गर्भारपणातील मधुमेह हा एका स्त्रीच्या जिभेचा अपराध नाही. तिच्या स्वतःच्या जन्मापासूनचे पोषण, चरबीत धुमसणारा दाह, वारशाने आलेले भेद आणि वारेतील जनुकांची बदललेली अभिव्यक्ती यांचा तो एकत्रित परिणाम आहे. यातील पुष्कळ गोष्टी तिच्या हातात नव्हत्या. ज्या आज हातात आहेत, त्या तिच्या एकटीच्या नसून संपूर्ण घराच्या आहेत.

पहिली गोष्ट तपासणीची. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीची चाचणी पहिल्या भेटीतच करावी आणि ती योग्य आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करावी. पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनी रक्त तपासले जाते. त्यासाठी उपाशी असण्याची गरज नाही. साखर १४० किंवा त्याहून अधिक आली, तर हा विकार मानतात. ‘‘पहिल्या वेळी तर सगळे ठीक होते’’ म्हणून दुसरी चाचणी टाळू नये; वारेचा प्रभाव वाढतो तो नंतरच.

दुसरी गोष्ट आहाराची. गोड बंद केले म्हणजे पथ्य झाले, असे नव्हे. गूळ, खजूर, फळांचा रस, मैद्याचे खारे पदार्थ, पांढरा भात, सारखे समोर येणारे फरसाण, या सर्वांची साखरच होते. प्रत्येक जेवणात मूग, मटकी, हरभरा, डाळ, दही, ताक किंवा पनीर यांपैकी काहीतरी असावे, भाजी भरपूर असावी आणि पोळी-भाताचे प्रमाण बेताचे. दिवसातून तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे, अशी विभागणी साखरेला एकदम उसळू देत नाही. डॉक्टरांनी विश्रांतीची सक्ती केली नसेल, तर जेवणानंतर चालणे हे उत्तम औषध आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या निरोपाची फारशी वाट न पाहता साखर आत घेतो. हे पथ्य तिच्या एकटीच्या ताटात वेगळे वाढू नये. साऱ्या घराचे ताटच तसे असावे. आपल्या वयाच्या चाळिशी-पन्नाशीतील पुरुषांनाही त्याची तितकीच गरज आहे.

तिसरी गोष्ट उपवास व चौविहाराची. या विकारात दीर्घ काळ उपाशी राहिल्यास शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन नावाची द्रव्ये वाढतात. ती गर्भाच्या हिताची नाहीत. इन्सुलिन चालू असताना जेवण चुकले, तर साखर एकदम उतरून घाम, थरथर, भोवळ येऊ शकते. सूर्यास्तापासून नवकारशीपर्यंत जवळजवळ तेरा तासांचा अवधी जातो. म्हणून आपल्या जेवणाच्या खऱ्या वेळा डॉक्टरांना स्पष्ट सांगाव्यात, म्हणजे औषधाची मात्रा त्यानुसार बसवता येईल. नियमांत या काळापुरती सूट घ्यायची की नाही, हे गुरुजनांशी आणि डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवावे. ऐन पर्युषणात, घरातील वातावरणाच्या दडपणाखाली, त्या मुलीला एकटीला निर्णय घेण्याची वेळ येऊ देऊ नये.

चौथी गोष्ट औषधांची. दोन आठवडे पथ्य पाळूनही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली राहत नसेल, तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन सुरू करतात. इन्सुलिन वार ओलांडून गर्भाकडे जात नाही. साखर मात्र जाते. कोपनहेगनचे डॉ. योर्गेन पेडरसन यांनी गेल्या शतकाच्या मध्यासच हे मांडले होते : आईची जादा साखर गर्भात जाते, गर्भाचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन बनवते आणि बाळ अवाजवी वाढते. जन्मानंतर साखरेचा तो ओघ थांबतो, पण इन्सुलिन चालूच राहते. त्यामुळे नवजात बाळाची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून सुई टाळण्यात बाळाचे हित नाही. आपल्या समाजातील ज्येष्ठांच्या मनात आणखी एक शंका असते. पूर्वी इन्सुलिन प्राण्यांच्या स्वादुपिंडापासून काढले जाई, हे खरे आहे. १९८२ पासून मात्र जीवाणू किंवा यीस्टच्या साहाय्याने तयार केलेले मानवी इन्सुलिन उपलब्ध आहे आणि आज तेच सर्वत्र वापरले जाते. बी-१२ देखील जीवाणूंच्या साहाय्याने आंबवण्याच्या प्रक्रियेतूनच बनते. कॅप्सूलच्या जिलेटिनच्या आवरणाबद्दल शंका असेल, तर गोळी किंवा इंजेक्शन मागावे. दूध-दही हे शाकाहाऱ्यांसाठी बी-१२ चे मुख्य आधार आहेत. तरी मूल हवे असे ठरवतानाच रक्तातील बी-१२ तपासून घेणे शहाणपणाचे. फोलिक ॲसिड मात्र आपल्या मनाने बंद करू नये. बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीसाठी ते आवश्यकच आहे.

पाचवी गोष्ट उत्साही उपायांची. दाह हे मूळ, तर दाहशामक घ्यावे, असे कोणालाही वाटेल. १८७६ साली विल्हेल्म एब्स्टाइन या जर्मन वैद्याने सॅलिसिलेटमुळे रुग्णांच्या लघवीतील साखर कमी झाल्याचे नोंदवले होते, आणि सव्वाशे वर्षांनी, २००१ मध्ये, त्याचे कारण दाहाच्या याच यंत्रणेत सापडले. परंतु गर्भवतीने मनाने वेदनाशामक गोळ्या घेणे घातक ठरू शकते. हळदीतील द्रव्य प्रयोगशाळेत हीच यंत्रणा मंदावते; म्हणून भाजीत हळद जरूर असावी, पण तिचे तीव्र अर्क व कॅप्सूल गर्भारपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पुरेशी झोप, हिरड्यांची निगा, तंबाखूच्या धुरापासून दूर राहणे आणि मन शांत ठेवणारे घर हे दाह शमवणारे निर्धोक मार्ग आहेत.

प्रसूतीनंतरची वही

वार बाहेर पडते आणि बहुतेक स्त्रियांची साखर काही दिवसांत पूर्ववत होते. येथेच सर्वांत मोठी चूक होते. सण संपला म्हणून भांडवल वाढलेले नसते. गर्भारपणात ज्यांना हा विकार झाला, त्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा संभव इतर स्त्रियांच्या तुलनेत सात ते दहा पट असतो, असे मोठ्या एकत्रित अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोज देऊन पुन्हा चाचणी करावी आणि पुढे दरवर्षी साखर तपासावी. अंगावर पाजणे बाळाइतकेच आईच्याही हिताचे आहे. ज्या माता अधिक काळ पाजतात, त्यांच्यात पुढील मधुमेहाचे प्रमाण कमी आढळते. बाळंतिणीला डिंकाचे लाडू मायेने दिले जातात. ते देताना संख्या ठरवावी आणि साखर कमी करावी. पुढील गर्भधारणेपूर्वी वजन, साखर आणि बी-१२ या तिन्हींची तपासणी व्हावी.

एक छोटी सवय लावून घेता येईल. तो अहवाल जुन्या कागदांत न टाकता बाळाच्या जन्मदाखल्याबरोबर एकाच फाईलमध्ये ठेवावा. दरवर्षी बाळाचा वाढदिवस आला की त्या आठवड्यात आईची साखर तपासावी, आणि ती तपासणी करून आणण्याची जबाबदारी पतीने किंवा सासूबाईंनी घ्यावी. पेढीचा ताळेबंद आपण दरवर्षी न चुकता करतो. ज्या देहाने घराण्याची पुढची पिढी घडवली, त्याचाही हिशेब वर्षातून एकदा, कोणाला दोष न देता, पाहिला जावा.